वक्रता कोणाची? ग्राफची की तुमची?

मंडळी, सध्या 'ग्राफची वक्रता' काढायची जोरदार फॅशन आहे. सोशल नेटवर्क, शेअर बाजार, कॅन्सरमधली जनुकं, काहीही घ्या... लायब्ररी इम्पोर्ट करा, एजेस लाल-निळ्या रंगवा आणि ठोकून द्या, "इथे वक्रता ऋण, म्हणजे इथेच बॉटलनेक!" चित्र झकास दिसतं. पण ती वक्रता बऱ्याचदा ग्राफची नसते, तुमच्या कॉन्फिग फाईलची असते.

या शब्दाला मान आहे तो गाउसमुळे. १८२७ साली त्याने दाखवलं की पृष्ठभागाची वक्रता पृष्ठभागावरच अंतरं मोजून काढता येते, बाहेरून बघावं लागत नाही. पण तिथे मोजपट्टी ठरलेली असते. ग्राफवर ती आपण ठरवतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आधी व्याख्या बघा. चार मित्र, प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. फॉर्मनची (२००३) सर्वात साधी आवृत्ती सांगते, ४ मधून एजच्या दोन्ही टोकांच्या डिग्री वजा करा : ४ − ३ − ३ = −२. ऑलिव्हिए (२००९) म्हणतो, दोन्ही टोकांच्या शेजाऱ्यांवर सारखी वाळू पसरा आणि एक ढीग दुसऱ्यासारखा करायला सरासरी किती वाहतूक लागते ते बघा. ती टोकांमधल्या अंतरापेक्षा कमी असेल तर वक्रता धन. इथे १ − १/३ = २/३. मित्र तेच, चिन्ह उलटं! त्रिकोणही मोजणारी फॉर्मनची आवृत्ती वापरलीत तर +४. घ्या, हवी ती उचला.

आता वेट्स. चार सर्व्हर एका रांगेत, मधली लिंक कडेच्या दोघींच्या चौपट वेगवान. वेट म्हणून वेग लिहिला तर मधल्या एजला ४, वेळ लिहिला तर १/४. बाकी सगळी वेट्स, नोड्सची धरून, १. फॉर्मनच्या वेटेड सूत्राने मधल्या एजची वक्रता २ − २√w येते. म्हणजे वेग लिहून −२, वेळ लिहून +१. वायर तीच हो!

"चिन्ह सोड रे, क्रम बघ," असं कोणीतरी म्हणणारच. बघितला. कडेच्या एजेस पहिल्या वेळी +१.५, दुसऱ्या वेळी ०. मधली एज एकदा सगळ्यात खाली, एकदा सगळ्यात वर. म्हणजे वेग लिहिणारा गडी सगळ्यात वेगवान लिंकलाच बॉटलनेक ठरवून मोकळा! आणि उद्या त्या चित्राकडे बघून कोणीतरी लिंक अपग्रेड करायला पैसे खर्च करणार.

यात फॉर्मन किंवा ऑलिव्हिए यांचा काही दोष नाही. २०२१ साली टॉपिंग आणि सहकाऱ्यांनी ग्राफ न्यूरल नेटवर्कमधले बॉटलनेक वक्रतेशी जोडून दाखवले, पण त्यासाठी स्वतःची व्याख्या मांडली, ग्राफ बिनवेटचे घेतले आणि प्रमेय सिद्ध केलं. काम करायची पद्धत ही.

तेव्हा यापुढे रंगीत चित्र दाखवणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. व्याख्या कोणती? वेट मोठं म्हणजे जवळ की लांब? w च्या जागी १/w टाकलं तर निष्कर्ष टिकतो का, आणि नसेल तर हेच w बरोबर का? उत्तरं नसतील तर चित्र स्क्रीनसेव्हरला लावा, निर्णयाला नको.

असो. बाकी वक्रतेवर माझा राग नाही, तिच्या नावावर खपणाऱ्या मालावर आहे.