बाजाराचा हक्क

परदेशवासावरील मराठी लेखनात उघड्यावरचा बाजार येतो तो बहुधा स्मरणरंजनाच्या वाटेने. कोथिंबिरीची जुडी दिसते, गावचा आठवडे बाजार आठवतो आणि लेख तेथेच विसावतो. या आपलेपणाबद्दल आमची तक्रार नाही. मात्र तेथेच थांबल्याने त्या बाजाराची मूलभूत गोष्ट निसटते, असे आमचे मत आहे.

बर्लिनमधील वास्तव्यात आमची भाजी येई ती मायबाखउफरच्या बाजारातून. क्रॉइत्सबेर्ग आणि नॉयक्योल्न या भागांच्या सीमेवर, लांडवेर कालव्याच्या काठाने तो मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. १९६१च्या करारान्वये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानातून कामगार बोलावले. त्यांच्या कुटुंबांनी या बाजाराला त्याचा चेहरा दिला. वांगी, भेंडी, पुदिना, ऑलिव्ह आणि कापडाचे तागे शेजारी शेजारी नांदतात. विक्रेता ‘ताझे’ म्हणतो तेव्हा मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. तुर्कीत बाजाराला ‘पाझार’ आणि दुकानाला ‘द्युक्कान’ म्हणतात. फारसी-अरबीचे हे जुने देणे दोन्ही भाषांनी जपले आहे. सायंकाळी बाजार उठताना उरलेला माल एका युरोत देण्याच्या आरोळ्या उठतात. मंडईत वाढलेल्याला हे सारे परिचितच.

परंतु हा गजबजाट आपोआप टिकलेला नाही. जर्मनीच्या व्यवसायविषयक कायद्यात आठवडे बाजाराची व्याख्याच दिलेली आहे: ठरावीक काळाने, मर्यादित वेळेपुरता भरणारा, अनेक विक्रेत्यांचा, अन्नपदार्थ व शेतमाल यांचा बाजार. कायद्यान्वये निश्चित केलेल्या अशा बाजाराची जागा, दिवस आणि वेळ प्रशासन ठरवून देते. आणि त्यात बसणाऱ्या कोणाही विक्रेत्याला, सर्वांना समान असलेल्या नियमांनुसार, सहभागाचा हक्क असतो. जागा अपुरी पडल्यास एखाद्याला नाकारता येते; पण त्यालाही सयुक्तिक कारण असावे लागते. म्हणजे भाजीवाला तेथे कोणाच्या मेहेरबानीने उभा नसतो.

आपल्याकडे असा कायदा नाही, असे कोणी समजू नये. २०१४चा पथविक्रेता कायदा या बाबतीत पुरेसा उदार आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावे, ते पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे तो सांगतो. प्रत्यक्षात मुंबईत या प्रतिनिधींच्या निवडणुकीचे मतदान व्हायला २०२४ साल उजाडले. दरम्यान पालिकेची गाडी येताच पाटी उचलून पळणे हाच अनेक भाजीवाल्या बाईंचा नित्यक्रम राहिला, आणि ‘अतिक्रमण’ हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी सहज रुळला.

येथे आम्हांला एक विसंगती जाणवते. परदेशातील बाजाराचे कौतुक करणारा मराठी वर्ग बहुतांशी तोच आहे, जो सुट्टीवर घरी आल्यावर पदपथावरील पाट्यांना नाक मुरडतो. तेथे ज्याला आपण संस्कृती म्हणतो, त्यालाच येथे अडथळा म्हणतो. दोन्हीकडे माल तोच, आरोळीही तीच. फरक आहे तो उभे राहण्याच्या हक्काचा. म्हणून परदेशातील बाजारातून काही आणायचेच असेल, तर ही जाणीव आणावी. नुसत्या आठवणींनी कोणाची पाटी सुरक्षित होत नाही.