हत्तीवरून ट्रकवर

बोरी बुद्रुकच्या शिवारात कांदा भरायचे काम निघाले, की एक शब्द हमखास कानावर पडतो. ‘‘आधी हौदा झाडून घ्या रे!’’ शहरातल्या पाहुण्याला वाटते, इथे पाण्याचा हौद कुठे आहे? पण हौदा म्हणजे ट्रकचा, टेम्पोचा माल भरायचा उघडा भाग.

हौद आणि हौदा दिसायला सख्खे भाऊ. आहेत मात्र दोन घरचे. मूळ दोघांचेही अरबीत. तिथला ‘हौज’ म्हणजे पाण्याचे टाके. त्याचा आपल्याकडे हौद झाला. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात यायचे, ते अशाच हौदांत. ‘हौदज’ ही उंटाच्या पाठीवरची बसायची जागा. तिचा झाला हौदा, नि तो इकडे हत्तीवर चढला! वर छत असेल तर अंबारी, उघडा असेल तर हौदा. आता ट्रककडे बघा बरं. गाडीच्या पाठीवर बसवलेला, बाजूंना फळ्या, वर आभाळ. बंद पेटीसारख्या कंटेनरला कुणी हौदा म्हणत नाही. आहे की नाही शब्द नेमका?

बैलगाडीचा असतो साटा, एसटीच्या डोक्यावर असतो टप, आणि हौद्याची मागची उघडणारी बाजू म्हणजे फाळका. ट्रक कारखान्यातून पुष्कळदा नुसती केबिन आणि चासी घेऊन निघतो. हौदा मागाहून बांधतात, ज्याला जसा माल न्यायचा तसा.

एक फरक मात्र झाला. हत्तीवरचा हौदा माणसांसाठी होता, गाडीवरचा मालासाठी आहे. तरी लग्नसराईत त्यात वऱ्हाड भरतात, जत्रेला पोरेबाळे उभी करतात! मालाच्या गाडीत असे प्रवासी बसवायला कायद्याने मनाई आहे, ती उगाच नाही. आत ना बाक, ना धरायला दांडी. शास्त्राच्या पुस्तकात तुम्ही जडत्व शिकता ना? गाडी वळते, आतली माणसे सरळच जाऊ पाहतात. सगळा भार फळीवर नाहीतर फाळक्यावर येतो. कांद्याची गोणी पडली तर गोणीच फाटते. म्हणून कुणी ‘‘चढ रे हौद्यात’’ म्हणाले, तर ‘‘मी काय कांदा आहे?’’ असे खुशाल विचारा. मोठ्यांनी रागावू नये.

तुमच्याकडे साट्याला, फाळक्याला दुसरे शब्द आहेत का? आजोबांना नाहीतर गावातल्या ड्रायव्हरकाकांना विचारा आणि आम्हाला कळवा.