आधी तिपाई, मग भिंग

छायाचित्रणाची हौस लागली की विद्यार्थी प्रथम महागड्या भिंगांची चौकशी करू लागतात. आम्हांस ही रीत उलटी वाटते. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील शहाजहानकालीन हमामखान्याचेच पाहा. छतावरील रंगीत वेलबुट्टी विटत चालली आहे. तिची छायाचित्रे आजच घेऊन ठेवावयास हवीत. पण आत उजेड बेताचा. फ्लॅशने छताचा गोलावा सपाट दिसतो. २४ मिलिमीटरचे रुंद कोनाचे भिंग छत सबंध टिपते, परंतु कडेची नक्षी ताणते. कॅमेरा तिपाईवर ठेवून, टायमर लावून २ सेकंदांचा प्रकाश दिला, तर साधे ५० मिलिमीटरचे भिंगही एकेक पाकळी दाखविते. (तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र आधी काढावी.) दुरून असीरगड टिपावयास २०० मिलिमीटरचे भिंग लागेल खरे, पण ते भाड्याने मिळत असता विकत कशास घ्यावे?