हातांतला फोन आणि खाटेवरचा रोगी

कर्करोग हा शब्द घरांत मोठ्यानें उच्चारूं नये, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. रोग्यास "गांठ आहे, औषधानें जाईल" असें सांगावयाचें, शेजाऱ्यांस "पोटाचा विकार आहे" असें सांगावयाचें, आणि रात्रीं निजानीज झाल्यावर घरांतील नववी-दहावींतल्या मुलाच्या हातीं फोन देऊन हळूच विचारावयाचें, "बघ रे बाळा, ह्यांत काय लिहिलें आहे?" गंगाखेडसारख्या गांवीं डॉक्टरांच्या इंग्रजी कागदांचा पहिला वाचक पुष्कळदां आपल्यासारख्या शाळेचा विद्यार्थीच असतो. म्हणून हा विषय शाळेच्या वार्षिकांत मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

उपचारांची सोय पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढली आहे. लेडी मेहेरबाई टाटा ह्या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. त्या दुःखांतून पुढें १९४१ सालीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें. आज छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीसही कर्करोग रुग्णालय आहे. तथापि रुग्णालय कितीही जवळ आलें, तरी रोग्याचे बहुतेक दिवस घरींच जातात. केमोथेरपीचा एक फेरा झाला कीं दुसऱ्यास बहुधा दोन-तीन आठवडे असतात. मळमळ, तोंडांतील फोड, झोप न येणें, आणि ह्या सर्वांहून जड अशी मनाची धास्ती, हीं सर्व त्या मधल्या दिवसांत येतात. आणि त्या वेळीं डॉक्टर शेकडों मैल दूर असतात.

ही पोकळी भरून काढण्याकरितां अलीकडे फोनवरील नाना प्रकारचीं अ‍ॅप्स निघालीं आहेत. कोणी गोळीची वेळ आठवून देतें, कोणी रोजच्या वेदनेची नोंद ठेवतें, कोणी श्वासाचे व्यायाम शिकवून मन शांत करूं पाहतें. हीं खेळणीं आहेत असें म्हणून तीं झिडकारणारे लोक आहेत. उलट, आतां डॉक्टरांची गरजच सरली असें मानणारेही आहेत. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात.

ह्यास प्रमाण आहे. न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयांत डॉ. ईथन बाश व त्यांचे सहकारी ह्यांनीं, कर्करोग शरीरांत पसरलेल्या ७६६ रोग्यांचे दोन गट केले. एका गटानें आपला त्रास इंटरनेटवर वेळोवेळीं कळवावा, दुसऱ्यानें नेहमींप्रमाणें भेटीच्या वेळीं सांगावा, अशी योजना होती. २०१७ सालीं फळ प्रसिद्ध झालें. दुसऱ्या गटाचें मध्यम आयुर्मान २६ महिने भरलें, तर कळविणाऱ्या गटाचें ३१.२ महिने. पांच महिन्यांचें हें अंतर थोडें नव्हे. परंतु त्या योजनेंतील एक गोष्ट विसरूं नये: रोग्यानें त्रास वाढल्याचें कळवितांच ती वार्ता परिचारिकेकडे जात असे, आणि ती उपाय करी. यंत्रानें निरोप पोंचविला. उत्तर माणसानें दिलें.

म्हणून कोणतेंही अ‍ॅप घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न हा विचारावा, कीं ह्याच्या पलीकडे कोण बसलें आहे? पलीकडे कोणीच नसेल, तर ती एक वही होय; वही म्हणून तिचा उपयोग आहेच, कारण पुढच्या भेटींत डॉक्टरांस दाखवितां येते. परंतु केमोथेरपी चालूं असतां ताप १००.४ अंशांवर गेला, तर वहींत नोंद करून स्वस्थ बसूं नये. तत्काळ रुग्णालयास कळवावें. दुसरा प्रश्न भाषेचा: जें आजीस वाचतां येत नाहीं, तें आजीचें साधन नव्हे. तिसरा प्रश्न गुप्ततेचा: रोग्याचें नांव व व्याधी कोणाच्या हातीं जाते? ह्याविषयीं १९२३ नव्हे, २०२३ सालचा नवा कायदा आहे. तरी सावधपणा हा आपलाच धर्म. आणि ज्या फोनवर अ‍ॅप येतें, त्याच फोनवर अमक्या पाल्यानें कर्करोग समूळ जातो अशा भूलथापाही येतात. त्यांस भुलून उपचार सोडलेल्या रोग्याचा गेलेला काळ परत येत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, जनाबाईंच्या ह्या गांवांत दळण एकट्यानें ओढूं नये, दुसरा हात लागला म्हणजे जातें हलकें होतें, हें कोणीं सांगावयास नको. तुमचें इंग्रजी आणि तुमचा फोन हा तो दुसरा हात होय. आजोबांजवळ रोज दहा मिनिटें बसा, आज काय दुखतें तें विचारा, त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रभूच्या दृष्टान्तांतील शोमरोन्यानें जखमांवर तेल घालून पुढें प्रयाण केलें नाहीं. त्यानें जखमी माणसास उतारशाळेंत नेऊन स्वतः त्याची शुश्रूषा केली.

आणि पालकांस आमची नम्र विनंती: मुलाकडून कागद वाचवून घ्या, पण त्या कागदांतील गुपिताचा भार त्याच्या एकट्याच्या माथीं देऊं नका. जें चौदा वर्षांच्या मुलास ठाऊक आहे, आणि ज्याच्या देहास झालें आहे त्यास मात्र ठाऊक नाहीं, अशी स्थिति घरांत असूं नये. रोग्यास सत्य मायेनें सांगावें; कसें सांगावें हें डॉक्टरांस विचारावें. मन फारच खचलें, तर २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य आहे. तेथें माणूस बोलतो. घरांत सत्य बोललें जाऊं लागलें, म्हणजेच फोनवरील नोंदीही खऱ्या होतील. कारण ज्यास आपला रोगच ठाऊक नाहीं, त्यानें आपला त्रास कोणास व काय म्हणून कळवावा?