गडगा

गेल्या आठवड्यात घरामागची भिंत बसली. सगळी नव्हे, आठ-नऊ फुटांचं खिंडार पडलं. हिवाळाभर दगडांच्या फटींत पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. भिंतीचं पोट हळूहळू बाहेर येत राहतं आणि एखाद्या रात्री ती खाली येते. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी गेले, तर ओल्या गवतावर करड्या दगडांचा ढीग आणि चार मेंढ्या तो ओलांडून आमच्या परसात चरत उभ्या. काळी तोंडं, पांढरी नाकं.

लेक परिचारिका आहे, ती पहाटेच कामावर निघते. मी गेले काही महिने तिच्याकडे, इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमधल्या वेन्स्लीडेल नावाच्या खोऱ्यात राहते आहे. ऊर नदीचं हे खोरं. इथली बहुतेक खोरी नदीच्या नावाने ओळखली जातात, याला मात्र वेन्स्ली या लहानशा गावाचं नाव मिळालं. नदीकाठी कुरणं, वर चढणीला लागणारी शेतं, त्याच्याही वर उघडा माळ. आणि नजर जाईल तिथवर दगडी भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पहिल्या दिवशी बसच्या खिडकीतून त्या पाहिल्या आणि तोंडून निघालं, अगं, हा तर गडगा! आमच्या रत्नागिरीकडे बागेला घालतात तोच. तिथे जांभा, इथे चुनखडीचा नि वालुकाश्माचा दगड, एवढाच काय तो फरक.

शेजारचे शेतकरी बाबा दुपारी आले. "नाऊ देन, लव," म्हणाले. इथला नमस्कार असाच. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात एक हातोडी, बाकी काही नाही. त्यांनी आधी सगळा ढीग उपसला. मोठे दगड एका ओळीत, मधले दुसऱ्या, चपटे माथ्याचे सगळ्यात लांब. तासभर त्यांनी एकही दगड रचला नाही, नुसती मांडणी केली.

मग काम सुरू झालं. मी लांबून गडगा म्हणत होते, पण त्याचं आतलं अंग मला तेव्हा कळलं. एकीतच दोन भिंती असतात. पायाशी रुंद, वर जाताना एकमेकींकडे कलत गेलेल्या. दोघींच्या पोटात बारीक दगडांची भर. ही भर आळसाने ओतली तर भिंत पुन्हा फुगते, म्हणून तीही हाताने एकेक बसवायची. अर्ध्या उंचीवर लांब दगड आरपार घालतात, या अंगापासून त्या अंगापर्यंत, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना धरून राहतात. वर माथ्याचे दगड उभे लावतात. उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, बाबा म्हणाले. हातात आला की त्याची जागा कुठेतरी आहेच, ती शोधायची. भिंतीत खाली एक चौकोनी भोक राखलेलं होतं, मेंढी जाईल आणि गाय जाणार नाही एवढं. नको असेल तेव्हा ते फरशीने बंद करतात.

हे खोरं ज्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यात अशा भिंती आठ हजार किलोमीटरहून जास्त भरतात. बऱ्याचशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, मोकळ्या जमिनी वाटून घेतल्या तेव्हा उभ्या राहिल्या. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, इथे काही घडतच नाही. मलाही वाटलं होतं. पण ही शांतता कुणीतरी रोज रचत असतं, हे त्या खिंडाराशी उभं राहून माझ्या लक्षात आलं.

आमच्या जवळचं बाजाराचं गाव हॉज. तिथला चीजचा कारखाना 1992 साली मालक कंपनीने बंद केला आणि काम शेजारच्या लँकशरमध्ये हलवलं. वेन्स्लीडेलचं चीज लँकशरात! हे इथल्या माणसांच्या जिव्हारी लागलं. काही महिन्यांतच जुन्या व्यवस्थापकांनी तो विकत घेतला आणि पुन्हा चालू केला. 1930 च्या दशकातल्या मंदीतही तो असाच बुडायला आला होता, तेव्हा किट कॅल्व्हर्ट नावाच्या स्थानिक माणसाने गावकऱ्यांना जमवून तो वाचवला. आज गावातली कितीतरी घरं त्यावर चालतात.

बसचंही तसंच. छोट्या पांढऱ्या बस आहेत, त्या इथल्याच लोकांची संस्था चालवते, आणि चालकांत स्वयंसेवक पुष्कळ. ती बस गार्सडेलच्या रेल्वे स्टेशनावर नेऊन सोडते. तिथून जाणारा सेटल-कार्लाइलचा लोहमार्गही बंद व्हायचा होता, लोक भांडले म्हणून 1989 मध्ये तो वाचला. मंगळवारी बाजाराला जाताना चालक एका आजींच्या दाराशी थांबला, उतरला, त्यांची पिशवी आत आणून ठेवली, मगच गाडी हलवली. बसमधलं कुणी चुळबुळलं नाही.

सगळंच सावरलेलं आहे असं मात्र नाही. आमच्या गल्लीत रात्री दिवा लागतो तो मोजक्या घरांत. बाकीची घरं शहरातल्या लोकांची, नाहीतर सुट्टीच्या पाहुण्यांची. घरांच्या किमती इथल्या तरुणांच्या आवाक्यात राहिल्या नाहीत, आणि मुलं गेली की शाळेचा पट घसरतो. एप्रिल 2025 पासून नॉर्थ यॉर्कशरच्या कौन्सिलने दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला. मला ते योग्य वाटतं. बंद घर शेजारच्या घरालाही थंड करतं. गणपतीपुरतं कुलूप निघणाऱ्या आमच्या वाडीत मी हे लहानपणापासून बघत आले आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खिंडार बुजलं. शेवटी बाबांनी माथ्याचा एक दगड माझ्या हातात दिला. जड होता, गार होता, एका बाजूला शेवाळ. मी तो उभा बसवला, त्यांनी हातोडीने कडेला एक चीप ठोकली, दगड हलायचा थांबला. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडच्या भिंतीत आरपार दगड घालतात का हो?

मला सांगता येईना. साठ वर्षं त्या गडग्यावरून चालले, त्यावर बसून आवळे खाल्ले, त्याच्या आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. रात्री दादाला फोन लावला. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण म्हणाला, "विहिरीकडचा भाग दोन पावसाळ्यांमागे पडलाय ना, त्यात दिसेल. दगड तिथेच आहेत, कुणी हलवले नाहीत."

मी त्याला सांगितलं, मे महिन्यात येते आहे, तोवर हलवू देऊ नकोस.