मोटार घेताना विचारतो ते संगणक घेतानाही विचारा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे

विषय : शिरूर व दौंड तालुक्यांतील शाळांसाठी संगणक व सॉफ्टवेअर निवडण्याबाबत

महोदय,

मी शिरूर तालुक्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवरचा पालक. आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात कुणा दात्यानं दिलेले टॅब आहेत. काहींच्या बॅटऱ्या फुगल्यात. जे सुरू होतात, त्यांतलं अ‍ॅप 'मुदत संपली' म्हणतं आणि दुसरं काही टाकू देत नाही. वितरणाच्या कार्यक्रमाचा फोटो मात्र भिंतीवर शाबूत आहे.

आमच्याकडे विहिरीवरची मोटार जळाली की ती शिरूरला नाहीतर दौंडला रिवाइंडिंगला टाकतात. तो माणूस ती उघडतो, तार भरतो आणि पुन्हा पाणी सुरू होतं. म्हणून नवी मोटार घेताना शेतकरी किमतीच्या आधी विचारतो, 'हिचं सामान इथं मिळतं का?' शाळेचा संगणक घेताना हा प्रश्न कुणीच विचारत नाही. तो आपण विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र.

प्रश्न आत्ताच निकडीचा होण्याचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळांमधले बरेच संगणक त्याआधीचे. चालतात, पण कागदोपत्री म्हातारे. आता त्यांना भंगारात काढून नवी निविदा काढायची, असा प्रस्ताव आपल्या टेबलावर येईल. त्यावर सही करण्याआधी दुसरी वाटही तपासून पाहावी.

ती वाट म्हणजे लिनक्स आणि इतर ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याचा कोड खुला असतो, हव्या तितक्या यंत्रांवर टाकता येतो आणि दरवर्षी परवाना घ्यावा लागत नाही. लिनक्स मिंटसारखी प्रणाली ४ जीबी रॅमवर नीट चालते. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तर खोकणारा संगणक तरतरीत होतो. लिबरऑफिस मराठीत उपलब्ध आहे. गणितासाठी जिओजेब्रा आहे, विज्ञानाच्या प्रयोगांसाठी फेट आहे. शिक्षकांना शिकवायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे आहेत. हे सगळं फुकट आहे.

पण निव्वळ स्वस्ताईला मी भुललेलो नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारनं गाजावाजा करत 'आकाश' टॅबलेट आणला. पस्तीस डॉलरचा म्हणून जगभर नाव झालं. पण संथ प्रोसेसर आणि जोर लावून दाबावा लागणारा पडदा यांमुळे त्याचं हसू झालं. त्याआधी २००७ मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या छोट्याशा शाळेत, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यांचा पडदा उन्हातही वाचता यायचा, आत लिनक्स होतं आणि कळफलकावर चालू कार्यक्रमाचा कोड दाखवणारं एक बटण होतं. मुलानं यंत्र उघडून पाहावं, हाच त्यामागचा विचार. तरीही तो प्रयोग राज्यभर रुजला नाही. मला यातून एवढंच कळतं की यंत्र कितीही हुशार असो, त्याच्यामागे शिक्षक, दुरुस्तीवाला आणि सुटे भाग उभे नसतील तर ते कपाटातच जातं.

हे तिन्ही उभं करून दाखवलं केरळनं. तिथं २००१ मध्ये 'आयटी अ‍ॅट स्कूल' सुरू झालं, शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडवले गेले आणि दहावीची संगणक परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर नेली गेली. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेचा २०१९ चा हिशेब असा, की दोन लाखांवर शालेय संगणक लिनक्सवर आहेत आणि परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचले. आकडा सढळ हातानं मांडलाय असं धरून निम्मा केला, तरी आपल्या एखाद्या तालुक्याला त्याचा हेवा वाटावा असाच आहे. शिवाय केंद्र सरकारचं २०१५ चं धोरणही सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्या, असंच सांगतं.

आता आक्षेप. पालक म्हणतात, 'पुढं एमएस-सीआयटी करायचीय, नोकरीत सगळीकडं विंडोजच.' काळजी रास्त आहे. पण फाइल जपून ठेवणं, तक्त्यात बेरीज लावणं, अर्ज टाइप करणं हे कौशल्य एका कंपनीचं नसतं. लूनावर गाडी शिकलेला पोरगा स्प्लेंडरही चालवतो. शिक्षकांची अडचण जास्त खरी आहे. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत अडकल्यात. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसतं चिन्हांचं गवत. ते सगळं एकदा युनिकोडमध्ये आणावंच लागेल, मग यंत्रावर विंडोज असो की लिनक्स. आणि एखादा प्रिंटर किंवा जुनं सॉफ्टवेअर हटूनच बसलं, तर कार्यालयातला एक संगणक विंडोजवर राहू द्या. हट्ट नको.

आमच्या दोन तालुक्यांची एक जास्तीची गरज आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं हंगामापुरती आमच्या वर्गांत बसतात. ज्या संगणकाला आधी ईमेल, मग मोबाइलवरचा ओटीपी लागतो, तो या मुलासाठी बंदच असतो. मोबाइल बापाकडे, बाप फडात. वस्तीशाळेत रेंजही धड नसते. अशा ठिकाणी कोलिब्री आणि किविक्स ही ओपन सोर्स साधनं उपयोगाची आहेत. शाळेतल्या एका संगणकावर धडे आणि मराठी विकिपीडिया भरून ठेवायचा, साध्या राउटरनं वर्गात पोचवायचा. इंटरनेट लागत नाही, खातंही लागत नाही.

म्हणून मागण्या चारच :

१. नवी खरेदी करण्याआधी दोन्ही तालुक्यांतल्या शाळांची कपाटं उघडा. काय चालतं, काय दुरुस्त होतं, याची केंद्रनिहाय यादी करून ती जाहीर करा.

२. प्रत्येक केंद्रातली एक शाळा निवडून जुन्या संगणकांवर लिनक्स टाका. दुरुस्तीचं काम तालुक्यातल्या आयटीआयच्या मुलांना मोबदला देऊन सोपवा.

३. निविदेत अटी घाला : रॅम, डिस्क, बॅटरी बदलता आली पाहिजे, आपल्याला हवी ती प्रणाली टाकता आली पाहिजे, सुटे भाग पाच वर्षं मिळाले पाहिजेत, धडे खुल्या स्वरूपात आणि युनिकोडमध्ये हवेत.

४. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआरमधून नवे टॅब मागण्याआधी, त्यांच्या कार्यालयांतून बदलले जाणारे चालू संगणक मागा. देणगीलाही वरच्याच अटी लावा.

गाव पाठीशी उभं राहिलं तर जिल्हा परिषदेची शाळा कुठवर जाते, हे याच शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीनं दाखवलंय. गावं आजही उभी राहतील. वर्गणी देतील, श्रमदान करतील. फक्त तीन वर्षांनी कुलूप लागेल अशा वस्तूसाठी त्यांच्यापुढे झोळी धरायला लावू नका.

आपण या भागात दौऱ्यावर आलात, तर कुठल्याही शाळेत आधी कपाट उघडायला सांगा. फोटो नंतर काढू.

आपला नम्र,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक सदस्य,
ता. शिरूर, जि. पुणे