स्पर्धेचे नाव, मक्तेदारीचे काम

मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचा इतिहास डोळ्यांखालून घालावा. ही अमेरिकी कंपनी अनेक बाजारपेठांत उतरते. परंतु प्रत्येक ठिकाणी ती नव्याने लढत नाही. एका बाजारपेठेतील मक्तेदारी हेच दुसरीतील तिचे हत्यार असते.

संगणक चालविणारी विंडोज प्रणाली बहुसंख्य संगणकांवर होतीच. १९९५ नंतर तिच्या जोडीला इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट देण्यात आला आणि नेटस्केपचा धंदा बसला. १९९८ साली अमेरिकी सरकारने खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा २००० सालचा हुकूम अपील न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केला. मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकविल्याचा निष्कर्ष मात्र कायम राहिला. विंडोजला मीडिया प्लेअर जोडल्याबद्दल आणि प्रतिस्पर्ध्यांना तांत्रिक माहिती नाकारल्याबद्दल २००४ साली युरोपीय आयोगाने ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तरीही २०१७ साली ऑफिससोबत टीम्स आलेच. टीम्सविना ऑफिस कमी दरात देण्याची हमी आयोगाने स्वीकारली ती २०२५ साली!

दंड होईपर्यंत बाजार काबीज झालेला असतो. म्हणूनच केवळ न्यायालयांवर विसंबून चालणार नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून वेगळी वाट दाखविली आहे. त्याची घडण सर्वांना खुली असते. ते कोणालाही अभ्यासता, बदलता व वाटता येते. जनतेच्या पैशाने घेतलेला संगणक खाजगी मक्तेदारीच्या दावणीला बांधला जाऊ नये, ही मागणी देशभर बुलंद झाली पाहिजे.